विहिरीतलं नत्र हवेत

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र असतं, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. समजा, पिकाने त्यातलं काहीच घेतलं नाही आणि सगळं नत्र मातीतल्या जिवाणूंनी नायट्रेटमध्ये बदलून टाकलं, तर साधारण 92 किलो नायट्रेट तयार होईल. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं असं भारतीय मानक सांगतं. या हिशेबाने एका गोणीतलं नायट्रेट वीस लाख लिटर निर्मळ पाणी मर्यादेच्या काठावर आणून ठेवू शकतं. प्रत्यक्षात पीक बरंचसं नत्र घेतं, काही अमोनिया होऊन उडून जातं. तरी उरतं ते थोडं नसतं. आणि गोणी मिळते 266 रुपये 50 पैशांना. एवढ्या स्वस्त वस्तूबाबत हात आखडता कोण घेणार?

उरलेलं नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं. त्यावर ऋणभार असतो आणि मातीच्या चिकणकणांवरही ऋणभारच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. जोराचा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर खाली सुटतं. आपल्याकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगा, तिच्याखालचा मुरूम, मुरमाखालचा फुटका कातळ, असा त्याचा रस्ता. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात उघड्या विहिरीचं पाणी याच उथळ थरातून येतं. शिवारात टाकलेली वस्तू आणि पोहऱ्यात आलेलं पाणी यांच्यामध्ये काही मीटरांचंच अंतर असतं.

केंद्रीय भूजल मंडळाचा 2024 चा गुणवत्ता अहवाल या बाबतीत स्पष्ट आहे. देशभरातल्या 15,259 ठिकाणांच्या नमुन्यांपैकी 19.8 टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. असे नमुने सापडलेले जिल्हे 2017 मध्ये 359 होते, ते 2023 मध्ये 440 झाले. महाराष्ट्रात दर शंभरातले 35 हून अधिक नमुने नापास आहेत. सर्वाधिक ग्रासलेल्या पंधरा जिल्ह्यांची यादी अहवालात आहे. तिच्यातले सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. म्हणजे जवळजवळ अर्धी यादी. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्याची ओळख शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला झाली होती. या यादीची चर्चा दोन दिवस वर्तमानपत्रांत झाली आणि विरली.

विरली याचं कारण नायट्रेट दिसत नाही, लागत नाही, वास मारत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाणी तपासणीची पेटी उघडून बसलेल्या बायका मी पाहिल्या. जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायकांना हे शिकवलेलं आहे. छोट्या काचेच्या नळीत विहिरीचं पाणी, त्यात पुडीतली पावडर, झाकण लावून हलवायचं आणि थांबायचं. पाणी हळूहळू गुलाबी होत गेलं, मग गडद गुलाबी. रंगांच्या पट्टीशी नळी धरली तर 45 च्या चौकटीपेक्षा रंग गडद. पेटीवाली बाई काही बोलली नाही, तिने वहीत आकडा लिहिला. ज्यांची विहीर होती त्या आजीबाईंना मात्र हे पटलं नाही. "बाई, आमचं पाणी गोड आहे. चण्याची डाळ शिजते या पाण्यात," त्या म्हणाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची ही परीक्षा खोटी नाही. जड पाण्यात डाळ शिजत नाही आणि हे पाणी जड नव्हतं. पण डाळ शिजण्याचा आणि नायट्रेटचा काही संबंध नाही. उकळल्याने ते जातही नाही. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.

त्या विहिरीपासून वीसेक पावलांवर गोठा होता आणि गोठ्यामागे उकिरडा. पलीकडच्या घराच्या नव्या संडासाचा शोषखड्डा. सगळं बिल युरियावर फाडणं सोपं आहे, पण शेणामुताचं आणि मैल्याचं नत्रही शेवटी नायट्रेटच होतं. नत्राच्या आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांची मोजणी केली तर कुठल्या पाण्यातलं नायट्रेट खताचं आणि कुठलं शेणाचं याचा अंदाज बांधता येतो. गावपातळीवर अशी मोजणी कोणी करत नाही. त्यामुळे शेतकरी संडासांकडे बोट दाखवतो आणि अधिकारी शेतकऱ्याकडे.

हे बोट पहिल्यांदा नेमकं विहिरीवर ठेवलं अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी. 1945 मध्ये त्यांनी तान्ह्या बाळांच्या निळ्या पडण्याबद्दल निबंध प्रसिद्ध केला. हृदयाचा दोष नाही, फुप्फुसाचा नाही आणि बाळ निळं. दुधाची भुकटी शेतघराच्या विहिरीच्या पाण्यात कालवून बाळांना पाजली जात होती आणि त्या विहिरींत नायट्रेट भरपूर होतं. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाची अवस्था बदलतं आणि मग त्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. 1951 मध्ये वॉल्टन या संशोधकाने अमेरिकेतल्या अशा 278 घटनांची जंत्री केली. त्यात 39 बाळं दगावली होती. ज्या घटनांत पाण्याचा आकडा उपलब्ध होता, त्यांतली एकही लिटरला 10 मिलिग्रॅम नायट्रेट-नत्राच्या खाली नव्हती. आपल्या 45 च्या आकड्याचं मूळ हेच, कारण 10 मिलिग्रॅम नत्र म्हणजे सुमारे 44 मिलिग्रॅम नायट्रेट. अंगावर पिणारं बाळ यातून बहुतांशी वाचतं, ही आपल्या गावांची पुण्याई. मोठ्यांबद्दलचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. डेन्मार्कमध्ये 27 लाख माणसांच्या नोंदींवरून 2018 मध्ये झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम मर्यादेच्या कितीतरी खालच्या पातळीपासून वाढलेली दिसली. एका अभ्यासाने मानक बदलत नाही, पण 45 च्या खाली सगळं आलबेल आहे असं छातीठोकपणे म्हणायची सोयही राहत नाही.

मग पाणी स्वच्छ कसं करायचं? आज आपलं उत्तर एकच, आरओ. गावात पत्र्याची शेड, नाणं टाकलं की वीस लिटरचा जार भरतो, लोक त्याला एटीएम म्हणतात. आरओच्या पडद्यातून नायट्रेट बऱ्यापैकी अडतं यात शंका नाही. पण अडलेलं नायट्रेट जातं कुठे? ते मागे राहिलेल्या पाण्यात दाट होतं आणि शेडमागच्या पाइपातून नालीत पडतं. नालीतून ओढ्यात, ओढ्यातून मुरमात. आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटावा तसा हा कारभार, फक्त शेजारी म्हणजे आपलीच विहीर.

श्रीमंत देशांचं निराळं नाही. कॉमलींच्याच आयोवात डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट काढण्याचा अवाढव्य प्रकल्प उभारला. त्यात रेझिनचे मणी नायट्रेट पकडतात, मग मिठाच्या पाण्याने मणी धुतात. धुवण परत नदीत. 2015 मध्ये या संस्थेने नदीच्या वरच्या अंगाच्या शेतनिचरा मंडळांवर खटला भरला, तो 2017 मध्ये फेटाळला गेला. 2025 च्या जूनमध्ये त्या भागातल्या लोकांना हिरवळीला पाणी घालायची बंदी झाली, कारण नद्यांमधलं नायट्रेट काढता काढता यंत्रणा थकली होती.

नायट्रेट हलवणं निराळं आणि संपवणं निराळं. संपवायचं म्हणजे त्याचा पुन्हा नायट्रोजन वायू करून हवेत सोडायचा. हवेत 78 टक्के तोच आहे, त्याचं ओझं कोणाला नाही. आणि तो आलाही तिथूनच. 1909 मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना उभा राहिला आणि पुढे युरियाची गोणी बांधावर आली. जाण्याचा रस्ता माणसाने शोधला. परतीचा जिवाणूंना आधीपासून ठाऊक होता. 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये बोर्दोच्या उलिस गायों आणि गाब्रिएल द्युपेती यांनी हे काम जिवाणूंचं आहे हे दाखवून दिलं.

प्राणवायू नसलेल्या जागी हे जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात. आपण अन्नातून इलेक्ट्रॉन काढून शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतो; ते नायट्रेटच्या हवाली करतात. नायट्रेटचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रिक ऑक्साइड, त्याचं नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन. एका नायट्रेटमागे पाच इलेक्ट्रॉन. दलदलीत, भाताच्या खाचरात, सांडपाण्याच्या टाक्यांत हे रोज चालतं. विहिरीच्या पाण्यात मात्र फारसं चालत नाही, कारण तिथे खायलाच काही नाही. भूजलात सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतो आणि इलेक्ट्रॉन देणारं कोणी नसलं की नायट्रेट वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

युरोपात यावर जुना उपाय आहे: पाण्यात थोडं अल्कोहोल किंवा ॲसिटिक आम्ल घालायचं आणि जिवाणूंना जेवू घालायचं. काम होतं, पण उरलेलं जेवण पाण्यात राहतं, नको ते जिवाणू माजतात आणि नंतर पाणी पुन्हा गाळावं लागतं. मग विचार पुढे आला की इलेक्ट्रॉनच हवे आहेत ना, तर ते थेट तारेतून द्यावेत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये साकाकिबारा आणि कुरोदा यांनी विजेच्या ऋण टोकावर, म्हणजे कॅथोडवरच, जिवाणूंचा थर वाढवला. कॅथोडवर पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि जिवाणू तो जागेवरच फस्त करतात. 2004 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ग्रेगरी, बाँड आणि लव्हली यांनी त्याहून नवलाची गोष्ट दाखवली. जिओबॅक्टर जातीचा एक जिवाणू ग्रॅफाइटच्या कांडीवरून थेट इलेक्ट्रॉन उचलतो आणि नायट्रेटचं नायट्राइट करतो. तो नायट्राइटवरच थांबत होता. 2007 मध्ये बेल्जियममधल्या घेंटच्या क्लाऊवार्ट, राबाय आणि फेर्स्ट्राटे यांच्या गटाने जिवाणूंच्या मिश्र समुदायाकडून नायट्रोजनपर्यंतचा पूर्ण प्रवास करून घेतला.

विहिरीच्या पाण्यासाठी हे सर्वांत चिकाटीने पुढे नेलं ते स्पेनच्या ईशान्येला, कातालुन्यातल्या गिरोना विद्यापीठातल्या लेकिया या संशोधनगटाने. तिथेच का, हे गिरोनाच्या शेजारचा ओसोना तालुका पाहिला की कळतं. विक हे तिथलं मुख्य गाव, वाळवलेल्या सॉसेजसाठी प्रसिद्ध. माणसांपेक्षा डुकरं कितीतरी जास्त आणि त्यांचा पातळ मैला वर्षानुवर्षं शेतांवर ओतला गेला. ग्रुप दे देफेन्सा देल तेर ही तिथली नदीप्रेमी नागरिकांची संघटना दरवर्षी तालुक्यातले झरे तपासते. ज्या झऱ्यांवर लोक रविवारी सहलीला जाऊन पाणी प्यायचे, त्यांतल्या कित्येकांचं पाणी आज पिण्याजोगं नाही. युरोपीय संघाने 1991 मध्येच लिटरला 50 मिलिग्रॅमची रेघ आखून नायट्रेटचा कायदा केला होता. तो पाळला नाही म्हणून 2024 च्या मार्चमध्ये युरोपीय न्यायालयाने स्पेनला दोषी ठरवलं.

नार्सिस पौस, सेबास्तिया पुइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकभरात बांधलेलं यंत्र दिसायला अगदीच किरकोळ आहे. एक नळी, तिच्यात ग्रॅफाइटच्या दाण्यांचा भरणा, दाण्यांत खुपसलेली कांडी आणि कांडीला जोडलेली तार. हा कॅथोड. मधल्या पडद्यापलीकडे धन टोक, म्हणजे अॅनोड. दाण्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरला की खालून पाणी सोडायचं. थरातली वस्ती तपासली तेव्हा थायोबॅसिलस भरभरून सापडला. हा जुना ओळखीचा. 1904 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी ओळखलेला, एरवी गंधकावर पोट भरणारा आणि नायट्रेटवर श्वास घेणारा. इथे गंधकाऐवजी तारेवर त्याचं भागतं. पाणी नळीत किती वेळ राहावं लागतं, तर सुरुवातीच्या यंत्रांत तास-तास लागायचे, पुढे अर्ध्या तासाच्या आसपास काम होऊ लागलं. प्रयोगशाळेतल्या यंत्राने एवढी मजल मारणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण वेळ कमी म्हणजे टाकी लहान आणि टाकी लहान म्हणजे ती ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये मावते.

वीज किती लागेल? हे गणित कोणालाही करता येईल. हजार लिटर पाण्यातलं नायट्रेट लिटरला 100 मिलिग्रॅमवरून 45 वर आणायला, एका नायट्रेटमागे पाच इलेक्ट्रॉन धरले तर, सुमारे 120 ॲम्पिअर-तास पुरतात. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर 150 एएच लिहिलेलं असतं, त्याहून कमी. दाब लागतो एक-दोन व्होल्टचाच. दोन व्होल्ट धरले तरी पाव युनिट. प्रत्यक्षात काही वीज वाया जाते, पंप चालवावा लागतो. पण दीड हजार वस्तीच्या गावाचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दिवसाला सात-आठ हजार लिटरच. गावाला माणशी 55 लिटर देण्याचं उद्दिष्ट आहे. त्यातलं अंघोळीचं पाणी नायट्रेटमुक्त करण्याची गरज नाही. दोन-चार सौर पत्र्यांत हे भागू शकतं.

एवढं सोपं असतं तर यंत्र गावोगाव दिसलं असतं. पहिली अडचण नायट्राइटची. जिवाणू अर्ध्यावर थांबले तर पाणी आधीपेक्षा वाईट होतं; जागतिक आरोग्य संघटनेची नायट्राइटची मर्यादा लिटरला अवघी 3 मिलिग्रॅम आहे. आणखी एक पायरी पुढे थांबले तर नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट. म्हणून कॅथोडचा दाब आणि पाण्याचा वेग काटेकोर सांभाळावा लागतो. दुसरी अडचण अशी की पाणी जितकं निर्मळ तितकी त्यातून वीज कमी वाहते. तिसरी क्षारांची. नायट्रेट जाताना कॅथोडजवळचं पाणी अल्कधर्मी होतं आणि पाणी जड असेल तर दाण्यांवर चुन्याचे पापुद्रे चढतात. गिरोनाच्या गटाला याचा एवढा त्रास झाला की 2022 मध्ये त्यांनी विजेनेच आधी पाणी मृदू करणाऱ्या टप्प्यावर वेगळा निबंध लिहिला. अॅनोडचं मात्र त्यांनी सोनं केलं. पाण्यातल्या क्लोराइडपासून तिथे क्लोरीन तयार होतो, त्याने जिवाणूंतून आलेलं पाणी जंतुमुक्त करता येतं, तेही खेड्यांसाठी.

आपल्याकडे ही विद्या परकी नाही. आयआयटी खरगपूरला मकरंद घांग्रेकर यांनी सांडपाण्यातून वीज काढणाऱ्या जिवाणूंवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. नागपूरच्या नीरी या संशोधनसंस्थेने फ्लोराइड काढण्यासाठी विजेवर, सौर पत्र्यांवर चालणारी संयंत्रं चंद्रपूर जिल्ह्यात लावून दाखवली आहेत. प्रश्न यंत्राचा कमी आणि यंत्राजवळ उभं राहणाऱ्या माणसाचा जास्त. वर्ध्याच्या त्याच गावात आरओची शेड बंद होती. पडदे बदलायची वेळ आली तेव्हा कंत्राटदाराचा फोन लागेना आणि ग्रामपंचायतीने वीजबिल थकवलेलं. "उद्घाटनाला चार गाड्या आल्या होत्या, दुरुस्तीला एक मोटारसायकल आली नाही," सरपंच म्हणाले. पडदा तरी गोदामातून आणून बसवता येतो. जिवाणूंचा थर धरायला आठवडे लागतात आणि महिनाभर वीज नसेल तर तो उपाशी राहतो.

म्हणून पिण्याच्या पाण्याच्या ओळीत हे यंत्र पहिल्याच दिवशी बसवावं, असं मला वाटत नाही. ते बसवावं आरओच्या मागच्या पाइपावर. नालीत जाणाऱ्या त्या पाण्यात नायट्रेट दाट असतं, क्षार दाट असल्याने वीज सहज वाहते आणि ते कोणी पिणार नसतं, तेव्हा यंत्र चुकलं तरी बाळाच्या जिवावर बेतत नाही. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल मुळातच खारट आहे. तिथे आरओशिवाय गत्यंतर नाही आणि त्यामुळे दाट पाण्याचीही कमतरता नाही. लिटरला 150 मिलिग्रॅम नायट्रेटचं असं हजार लिटर पाणी 45 वर आणायला वरच्याच हिशेबाने अर्ध्या युनिटच्या आत काम व्हायला हवं. गळती, तोटा, पंप धरून एक-दीड युनिट म्हणू. बाहेर पडणारं पाणी खारटच राहील, पिकाला देता येणार नाही, पण मुरमात उतरताना नायट्रेटचा बोजा घेऊन उतरणार नाही.

यात चुन्याचे पापुद्रे अधिकच चढणार, कारण दाट पाण्यात कॅल्शियमही दाट. दर काही आठवड्यांनी ते सौम्य आम्लाने धुवावे लागतील, तेही जिवाणूंचा थर न मारता. कुठलं आम्ल, किती वेळ, किती दिवसांनी, हे विदर्भाच्या पाण्यावरच ठरवावं लागेल. गिरोनाच्या पाण्यावर ठरवलेलं इथे चालणार नाही. त्यासाठी बंद पडलेल्या एखाद्या शेडचं कुलूप उघडून, थकलेलं बिल भरून, पाणी तपासणीची पेटी घेऊन ओट्यावर बसणाऱ्या त्या पाच बायकांपैकी एकीला महिना पगार देऊन सुरुवात करता येईल. नळीतला गुलाबी रंग किती फिका झाला, हे वहीत लिहिण्याचं शिक्षण तिला आधीच मिळालेलं आहे.